ई-साधनांच्या वापरावर प्रबंध करताय? प्रश्नावली वाटण्याआधी हे वाचा

एम.लिब.चं शेवटचं सत्र आलं की आमच्या ग्रंथालयशास्त्रात एक विषय हमखास निघतो : 'अमुक महाविद्यालयातील विद्यार्थी व प्राध्यापकांकडून होणारा ई-साधनांचा वापर'. ई-साधनं म्हणजे ऑनलाइन वाचायची नियतकालिकं, पुस्तकं, डेटाबेस. पीएच.डी.ला बसणारेही बरेच जण याच वाटेने जातात. विषय सोपा दिसतो. प्रश्नावली करायची, वाटायची, टक्केवारी काढायची, पाय चार्ट चिकटवायचे, बायंडिंगला द्यायचं. मीही तसंच ठरवलं होतं.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. एम.लिब.चा लघुप्रबंध आणि नंतरची पीएच.डी., दोन्ही याच विषयात केली. पहिली प्रश्नावली तयार झाल्यावर मी ती टी.वाय.बी.एस्सी.च्या एका मुलाला भरायला दिली. 'ई-जर्नल्स किती वेळा वापरता?' या प्रश्नापुढे त्याने 'रोज' वर टिक केली. मला आनंद झाला. म्हटलं, कोणतं वापरतोस, दाखव जरा. त्याने दप्तरातून प्रॅक्टिकलचं जर्नल काढलं, सरांच्या सह्यांसकट. "ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचं ना सर?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे पोरांच्या तोंडी जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वहीच; मी विचारत होतो ऑनलाइन संशोधन-नियतकालिकांबद्दल. चूक माझी होती, आणि ती प्रश्नावली तशीच तीनशे जणांना गेली असती तर 'विज्ञान शाखेत ई-नियतकालिकांचा वापर लक्षणीय आहे' असं एक वाक्य माझ्या प्रबंधात आलं असतं. माणूस फॉर्ममध्ये सांगतो एक, करतो दुसरंच, आणि आपण विचारलेलं असतं तिसरंच. खालचं सगळं या तिघांची गाठ घालण्यासाठी आहे.

१. विषय आवळून घ्या

'महाराष्ट्रातील महाविद्यालयांतील ई-साधनांचा वापर : एक अभ्यास' असलं शीर्षक घेऊन गाइडकडे जाऊ नका. तीन गोष्टी ठरवा : कोण, कशासाठी आणि कोणत्या काळात. 'बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी माहिती कुठून आणतात' हा विषय ऐकायला छोटा वाटतो, पण त्यातून खरंच काहीतरी हाती लागतं.

शीर्षकात शक्यतो साधन पुढे ठेवू नका, काम पुढे ठेवा. एन-लिस्ट म्हणजे महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणारी योजना. 'एन-लिस्टचा वापर' असं म्हटलं की एन-लिस्ट न वापरणारा माणूस तुमच्या अभ्यासातून आपोआप बाहेर पडतो, आणि खरं तर तोच बघण्यासारखा असतो. टी. डी. विल्सन यांनी १९८१ मध्येच हे मांडलं होतं : माहितीची गरज ही मुळातली गरज नसते, ती माणसाच्या कामातून आणि भूमिकेतून उगवते, ग्रंथालय हा तिच्या वाटेवरचा एक थांबा.

कॉलेजबाहेरही विषय भरपूर आहेत. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी मुलं टेलिग्रामवरच्या पीडीएफवर किती विसंबतात? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांत येणारा वाचक मोबाइलवर काय वाचतो? ऑनलाइन मराठी विश्वकोश कोण उघडतं आणि कुठल्या नोंदीसाठी? माझी वैयक्तिक आवड विचाराल तर अभ्यासिकांचा विषय. तिथे मुलं दिवसाचे दहा-बारा तास बसलेली असतात, आणि डिजिटल माहितीवाचून त्यांचं पान हलत नाही.

२. आधी झालेलं काम वाचा, पण उलट्या बाजूने

शोधगंगा उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राने चालवलेलं हे देशातल्या प्रबंधांचं भांडार. आपल्या विषयावरचे प्रबंध तिथे ढिगाने सापडतील. ते वाचताना पहिलं प्रकरण सोडा, थेट शेवटी परिशिष्टात जा आणि प्रश्नावली बघा. ती वाचली की संशोधकाला काय कळलं असेल आणि काय कळणं शक्यच नव्हतं, ते पाच मिनिटांत समजतं.

इथला सापळा म्हणजे जुनी प्रश्नावली उचलून नाव बदलणं. हे फार चालतं. एका मुलीने मला मदतीसाठी दाखवलेल्या मसुद्यात 'आपण सीडी-रॉम डेटाबेस वापरता का?' असा प्रश्न होता. भरणारी मुलं २००३ नंतर जन्मलेली. मी विचारलं, हा प्रश्न का? म्हणाली, "सगळ्यांच्यात आहे सर."

दोन जुनी कामं मात्र माहीत असू द्या. एक, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ चा अभ्यास. त्यांनी १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांचा माग काढला तेव्हा सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी गेली नव्हती. ग्रंथपालांना ते झोंबलं, वादही झाले. पण 'घेतलं म्हणजे वापरलं जातं' या समजुतीला त्याने धक्का दिला. दुसरं, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या सायबर या गटाने ब्रिटिश लायब्ररी आणि जिस्क (तिथल्या उच्चशिक्षणाला डिजिटल सेवा देणारी संस्था) यांच्यासाठी २००८ मध्ये केलेला अभ्यास. संगणकासोबत वाढलेली पिढी माहिती शोधण्यात आपोआप पटाईत असते, हा समज त्यांनी सर्व्हरवरच्या नोंदी बघून खोडला. लोक वरवर चाळतात, दोन-तीन पानं बघतात आणि निघून जातात.

सैद्धांतिक चौकट म्हणून बहुतेकांना तंत्रज्ञान स्वीकाराचं प्रतिमान सुचवलं जातं, फ्रेड डेव्हिस यांचं, १९८९ चं. उपयोगी वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का, या दोन खांबांवर ते उभं आहे. घ्यायला हरकत नाही. फक्त ते 'वाटणं' मोजतं हे लिहिताना विसरू नका.

संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ जपून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. फुकट आहे.

३. फाइल करा : लागणारी कागदपत्रं

- विद्यापीठाचं नोंदणीपत्र आणि मंजूर झालेली सिनॉप्सिस
- गाइडच्या सहीचं विनंतीपत्र, प्रत्येक महाविद्यालयासाठी वेगळं
- त्या त्या प्राचार्यांची लेखी परवानगी. तोंडी 'करा की' चालत नाही, प्राचार्य बदलतात.
- वर्गनिहाय विद्यार्थीसंख्या, कार्यालयाच्या शिक्क्यासह आणि तारखेसह
- विद्यापीठात असेल तर नैतिकता समितीची मान्यता
- प्रश्नावलीच्या वर छापायचा संमतीचा मजकूर, मराठीतून
- ई-साधनांचे वापर-अहवाल मागण्याचं पत्र (पुढच्या पायरीत येतंच)

संमतीचा मजकूर चार ओळींचा असावा : मी कोण, कशासाठी विचारतोय, उत्तर देणं ऐच्छिक आहे, नाव कुठेही येणार नाही. ज्युनियर कॉलेजच्या मुलांना सहज म्हणून सामील करून घेऊ नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. संशोधनासाठी कायद्यात सवलतीची तरतूद आहे, तीही अटींसह. एफ.वाय.च्या वर्गातही सतरा वर्षांची मुलं बसलेली असतात, तेव्हा वयाची अट प्रश्नावलीतच घाला.

आणि नाव विचारलं नाही म्हणजे ओळख लपली असं नाही. 'प्राध्यापक, स्त्री, संस्कृत विभाग, वय ५० च्या वर' एवढं विचारलंत की आमच्या कॉलेजात शिपायालाही कळेल बाई कोण ते. विभाग विचारायचा असेल तर वयोगट सोडा.

४. माणसांकडे जाण्याआधी आकडे मागा

बहुतेकांच्या अभ्यासात ही पायरीच नसते. ती घातलीत तर तुमचा प्रबंध बाकीच्यांपेक्षा वेगळा होईल.

प्रकाशक ई-नियतकालिकांच्या वापराचे जे अहवाल देतात ते 'काउंटर' नावाच्या ठरलेल्या नियमावलीनुसार असतात. तिची पाचवी आवृत्ती जानेवारी २०१९ पासून आणि ५.१ ही जानेवारी २०२५ पासून लागू झाली. ग्रंथपालाच्या अ‍ॅडमिन लॉगिनमधून हे अहवाल एक्सेलमध्ये निघतात. तुम्ही बाहेरचे असाल तर ग्रंथपालांना पत्र द्या आणि नियतकालिकांचा 'टीआर जे१' अहवाल हवा असं नेमकं सांगा. 'वापराची माहिती द्या' एवढंच म्हणालात तर नॅकच्या मूल्यांकनासाठी केलेला एक गोल आकडा हातात पडेल.

त्या अहवालात दोन मापं नीट ओळखा. 'इन्व्हेस्टिगेशन' म्हणजे त्या लेखाशी आलेला कुठलाही संबंध; सारांश उघडला तरी तो मोजला जातो. 'रिक्वेस्ट' म्हणजे पूर्ण लेख उघडला किंवा उतरवून घेतला. एकाच दुव्यावर ३० सेकंदांच्या आत दोनदा टिचकी मारली तर ती एकदाच धरतात. सोशल मीडियावर फोटो दिसणं आणि त्यावर थांबून वाचणं यात जेवढं अंतर, तेवढंच या दोन आकड्यांत असतं. पहिला आकडा मोठा दिसतो म्हणून तोच प्रबंधात टाकण्याचा मोह होतो. टाकू नका.

यात तीन खड्डे आहेत :

पहिला : अहवाल संस्थेचा असतो, माणसाचा नसतो. कोणी उघडलं, प्राध्यापकाने की विद्यार्थ्याने, हे त्यातून कधीच कळणार नाही. एन-लिस्टमध्ये प्रत्येकाला वेगळं लॉगिन असतं, त्यामुळे तिथे थोडं अधिक दिसतं; पण ते नावानिशी असतं म्हणून ग्रंथपालांकडून नावं काढूनच घ्या.

दुसरा : वर्षांची तुलना. २०१८ आणि २०१९ चे आकडे शेजारी ठेवून 'वापर घटला' म्हणू नका, मधे मोजायची पद्धत बदलली. तसंच 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'चं, म्हणजे सरकारने देशभरातल्या संस्थांसाठी एकत्र वर्गणी भरून नियतकालिकं देण्याच्या योजनेचं. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ती योजना मंजूर केली : २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र आणि राज्य सरकारी संस्थांमध्ये ती सुरू झाली. ज्या संस्थेला ती मिळाली तिथे २०२४ पेक्षा २०२५ चा वापर वाढला तर त्यात वाचकांचा बदल किती आणि नुसत्या ताटात जास्त वाढल्याचा परिणाम किती, हे वेगळं करावं लागेल. तुमच्या संस्थेला नक्की काय मिळतंय ते आधी विचारून घ्या.

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा : आयपी. बरीच ई-साधनं कॉलेजच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखून उघडतात. कॉलेजचं वायफाय रडत असतं, म्हणून पोरं आपला मोबाइल डेटा वापरतात. मग झाडाखाली बसलेला मुलगा कॉलेजच्या आवारात असूनही प्रकाशकाच्या दृष्टीने परका ठरतो, त्याच्यासमोर पैसे मागणारं पान येतं, आणि तो 'लायब्ररीत काही मिळत नाही' असं म्हणून टेलिग्रामकडे वळतो. घरून वापरण्यासाठी प्रॉक्सी किंवा इन्फेडसारखी सोय आहे का, आणि असेल तर किती जणांना तिचा पासवर्ड माहीत आहे, हे विचारल्याशिवाय वापराचा एकही निष्कर्ष काढू नका.

५. किती जणांना विचारायचं आणि कोणाला

'किती फॉर्म भरून घेऊ सर?' हा प्रश्न मला दर वर्षी येतो. उत्तर सूत्रात आहे. यामाने यांचं सूत्र : एकूण संख्येला, एक अधिक एकूण संख्या गुणिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग, याने भागायचं. समजा कॉलेजात १,२०० विद्यार्थी आहेत आणि ५ टक्के चूक चालणार आहे. ०.०५ चा वर्ग ०.००२५, गुणिले १,२०० म्हणजे ३, अधिक एक म्हणजे ४. १,२०० भागिले ४, म्हणजे ३००. क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता याच १,२०० साठी २९१ सांगतो. दोन्हीपैकी एक धरा, त्यावर रात्र घालवू नका.

रात्र घालवायची ती 'कोणते ३००' यावर. समजा १,२०० मध्ये कला ५४०, वाणिज्य ४२०, विज्ञान २४० असतील, तर त्याच प्रमाणात १३५, १०५ आणि ६० घ्या. मग हजेरीपट घ्या, १ ते ४ मधला एक आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून दर चौथं नाव. निवडलेला मुलगा त्या दिवशी गैरहजर असेल तर दुसऱ्या दिवशी त्यालाच गाठा, शेजारच्याला पकडू नका.

हे कष्टाचं आहे, म्हणून सगळे गुगल फॉर्मची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. मीही टाकली होती. पहिल्या संध्याकाळीच शंभराच्या वर उत्तरं आली. मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, अभिमानाने दाखवलं. त्यांनी फक्त वेळेचा रकाना बघितला. रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान, एकाच वर्गाची, ओळीने सारखी उत्तरं. वर्गप्रतिनिधीने 'सरांचा फॉर्म आहे, सगळ्यांनी भरा, सगळीकडे हो करा' असा मेसेज टाकला होता. शिवाय हे सगळे ऑनलाइन असणारेच. ज्याच्याकडे डेटा संपलाय त्याचं काय? डिजिटल माहितीच्या वापराचा अभ्यास फक्त डिजिटल फॉर्मने करणं म्हणजे पोहायला किती जणांना येतं ते तलावात उतरून मोजणं.

कागदी प्रश्नावली छापा. वर्गात पंधरा मिनिटं मागून घ्या. गावोगाव फिरणार असाल तर कोबो टूलबॉक्स हे सर्वेक्षणाचं साधन वापरा. रेंज नसली तरी मोबाइलवर भरून घेता येतं.

६. प्रश्नावली : कमी विचारा, अलीकडचं विचारा

प्रश्न वीस-बावीसच्या वर नेऊ नका. आता माझा एकच आग्रह ऐका : 'नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही' ही पंचपदी वापराच्या प्रश्नांतून काढून टाका. माझं 'बऱ्याचदा' आणि तुमचं 'बऱ्याचदा' सारखं नसतं. त्याऐवजी असं विचारा :

'मागच्या वेळी असाइनमेंट किंवा प्रोजेक्ट केला तेव्हा सगळ्यात आधी कुठे शोधलं?'
'ते शोधताना फोन वापरला की संगणक? कॉलेजात की घरी?'
'मागच्या ७ दिवसांत किती दिवस एखादी पीडीएफ उघडून दोन पानांहून जास्त वाचली?'

मागच्या एका ठरावीक वेळेबद्दल विचारलं की माणूस आठवतो. सवयीबद्दल विचारलं की तो स्वतःची जाहिरात करतो. शेवटची घटना धरून विचारण्याची ही युक्ती जुनीच आहे, जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आलेली. पंचपदी श्रेणी मतांसाठी ठेवा, लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ती मतं मोजायलाच केली होती.

शब्द पोरांचे वापरा. 'ई-साधने', 'डेटाबेस', 'दूरस्थ प्रवेश' हे आपल्या खोलीतले शब्द. त्यांचे शब्द पीडीएफ, नोट्स, लिंक, यूट्यूबवरचं लेक्चर, 'गुगल केलं'. ई-नियतकालिक विचारायचंच असेल तर सोबत त्या पडद्याचं चित्र छापा आणि 'हे कधी पाहिलंय का?' असं विचारा. प्रश्नावलीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. विज्ञानाच्या मुलांना काही गोष्टी इंग्रजीतच पटकन कळतात.

एका प्रश्नात दोन प्रश्न नकोत. 'ग्रंथालयाची संकेतस्थळ सेवा उपयुक्त व सोपी वाटते का?' यावर उपयुक्त पण किचकट वाटणारा माणूस कुठे टिक करणार?

अवघड प्रश्न टेलिग्राम आणि सायहबचे (सायहब म्हणजे विकतचे संशोधन-लेख परवानगीशिवाय फुकट देणारं संकेतस्थळ). सायहबवर २०२० पासून दिल्ली उच्च न्यायालयात प्रकाशकांचा खटला आहे, आणि प्राध्यापकांना ते ठाऊक असतं. 'तुम्ही बेकायदेशीर संकेतस्थळं वापरता का?' असं विचारलं तर सगळे संत निघतील. 'लेख पैसे भरल्याशिवाय उघडला नाही तेव्हा पुढे काय केलं?' असं विचारा आणि पर्यायांत लेखकाला मेल, मित्राकडून मागवला, दुसऱ्या संकेतस्थळावरून उतरवला, सोडून दिला, असे सगळे एका ओळीत, एकाच सुरात ठेवा.

गुगल फॉर्म करणारच असाल तर दोन बारीक गोष्टी. ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद आहे ना ते तपासा, नाहीतर वर 'नाव गुप्त राहील' लिहून खाली पत्ता जमा होत राहतो. आणि पर्यायांच्या मजकुरात स्वल्पविराम घालू नका. अनेक पर्याय निवडता येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं शीटमध्ये एकाच चौकोनात स्वल्पविरामाने जोडून येतात. 'घरी, मोबाइलवर' असा पर्याय असेल तर त्याचे पुढे दोन तुकडे होतात. मी हे तुकडे हाताने जुळवत एक अख्खी दिवाळीची सुट्टी घालवली आहे.

७. पायलट करा, समोर बसून

वीस-पंचवीस जण घ्या, जे पुढे नमुन्यात येणार नाहीत. फॉर्म भरून झाला की दोन-तीन प्रश्न बोटाने दाखवून विचारा : इथे तुला काय वाटलं, काय विचारलंय? जर्नलची भानगड मला अशीच कळली. मतांच्या प्रश्नांसाठी क्रोनबॅक अल्फा काढा (उत्तरं एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा), ०.७ च्या आसपास किंवा वर असला की चालतो. पण अल्फा कितीही चांगला आला तरी प्रश्नाचा अर्थ लोकांना कळलाय असं तो सांगत नाही. जर्नलवाल्या प्रश्नांचाही अल्फा छान आला असता.

८. प्रत्यक्ष वाटताना

ग्रंथपालाने स्वतः वाटू नये. मी समोर उभा राहून 'लायब्ररीची ई-साधनं वापरतोस का?' विचारणार आणि मुलगा नाही म्हणणार? दुसऱ्या कुणाला तरी पाठवा आणि उत्तरं बंद डब्यात टाकायला सांगा. परीक्षेच्या, गॅदरिंगच्या आणि शेतीच्या हंगामातले दिवस टाळा. भरलेल्या प्रत्येक कागदावर क्रमांक घाला, त्याच संध्याकाळी एक्सेलमध्ये चढवा.

९. दहा जणांजवळ बसून बघा

पीएच.डी. असेल तर ही पायरी सोडू नका; एम.लिब.ला वेळ मिळाला तर. आठ-दहा विद्यार्थ्यांना एकेकटं बोलवा, एक काम द्या, उदाहरणार्थ 'सहकारी पतसंस्थांवरचा एक लेख शोध', आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत शोधायला सांगा. तुम्ही गप्प बसायचं. हे फार कठीण जातं, विशेषतः ग्रंथपालाला. हात शिवशिवतात.

माझ्यासमोर बसलेल्या एका मुलीने लायब्ररीतल्या संगणकावर बरोबर लेख काढला. आता ती तो स्वतःला मेल करेल असं मला वाटलं. तिने मोबाइल काढला आणि पडद्याचे एकेक पानाचे फोटो घेतले, सात की आठ. "मेल उघडायला ओटीपी येतो सर, आणि रेंज नाहीये." संध्याकाळी ते फोटो वर्गाच्या ग्रुपवर गेले. काउंटरच्या अहवालात ही एक रिक्वेस्ट. वाचणारे किती, देव जाणे. तोवर मी 'लोक वाढवून सांगतात, यंत्र खरं बोलतं' अशा थाटात होतो. त्या फोटोंनी तो थाट उतरवला. त्यानंतर प्रश्नावलीत 'लेख कोणाकडून मिळाला?' हा प्रश्न आला, आणि माझ्या प्रबंधातलं बरं म्हणावं असं प्रकरण त्यातूनच झालं.

१०. विश्लेषण

एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत घेऊ नका. जामोवी फुकट आहे आणि एम.लिब.ला लागणारं सगळं त्यात होतं. उत्तरांना अंकांचे संकेत द्या, संकेतांची यादी वेगळ्या पानावर ठेवा.

एकाहून जास्त पर्याय निवडता येणाऱ्या प्रश्नांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते. अशा प्रश्नाचा पाय चार्ट काढायचा नसतो, आडव्या पट्ट्यांचा आलेख काढा. व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक आधी हेच शोधतात.

शाखा आणि वापर यांचा संबंध बघायला काय-वर्ग चाचणी लावाल. अपेक्षित वारंवारता (संबंध नसता तर त्या चौकोनात जितके जण आले असते तो आकडा) पाचच्या खाली गेलेले चौकोन बरेच असतील तर गट एकत्र करा. आणि 'पी ०.०५ पेक्षा कमी' (पी म्हणजे खरा फरक नसताना योगायोगाने एवढा दिसण्याची शक्यता) आलं म्हणजे फरक मोठा आहे असं नव्हे. फरक किती टक्क्यांचा आहे ते त्याच वाक्यात लिहा.

मग प्रश्नावलीचे आकडे आणि काउंटरचे आकडे शेजारी ठेवा. जुळणार नाहीत. माझ्या मुलांनी सांगितलेला वापर खरा धरला तर एन-लिस्ट रोज धडधडत असायला हवं होतं. प्रत्यक्षात अ‍ॅडमिनच्या पानावर आठवडेच्या आठवडे सामसूम. ही तफावत लपवू नका, तिच्यावर एक अख्खं प्रकरण लिहा. शब्दाचा अर्थ, विचारणाऱ्याचा दबाव, आयपीची भिंत, पडद्याचे फोटो, हे सगळं तिथेच येतं.

११. लिहिणं आणि सादर करणं

'आजचे युग हे माहितीचे युग आहे' या वाक्याने सुरुवात करू नका. एक तर ते कंटाळवाणं आहे, आणि दुसरं म्हणजे समानता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते हमखास रंगून येतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असलं तर ठरावीक मुदतीत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० ला वर्षभर प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. योग्य उल्लेखासह दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची यातून वगळतात. इन्फ्लिबनेटच्या शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठाच्या ग्रंथालयात तपासणी करून मिळते. शेवटच्या आठवड्यात गर्दी असते, महिनाभर आधी जा.

मराठीतून लिहिणार असाल तर पहिल्या अक्षरापासून युनिकोड. जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतलेली दोन प्रकरणं नंतर युनिकोडमध्ये बदलताना माझ्या सगळ्या रफारांची वाट लागली.

परिशिष्टात प्रश्नावली, परवानगीपत्र आणि संकेतांची यादी लावा. मूळ भरलेले कागद व्हायव्हा होईपर्यंत जपून ठेवा. सादर करण्याआधी विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन प्रती किती, बायंडिंगचा रंग कोणता आणि पीडीएफ कशावर द्यायची, हे विचारून या. माझ्या वेळी पीडीएफ सीडीवर मागितली होती. गावात सीडी लिहिणारा संगणक शोधायला दीड दिवस गेला. शेवटी एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे सापडला, आणि त्याने दोन सीडींचे शंभर रुपये घेतले.